पाट्याचे दोन कोयते: एकाला खांडं पडतात, दुसऱ्याची धार वळते. पोलाद बदलू की पाणी (तापवून-बुडवून दिलेला कडकपणा)?

वाळवा_बागायत (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऊसतोडीचे दोन कोयते आहेत, दोन्ही गाडीच्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) लोहाराकडून करून घेतलेले. पाटे वेगवेगळ्या गाड्यांचे, लोहारही वेगवेगळे.

पहिला कोयता (त्याला 'अ' म्हणू): धार झकास लागते, टिकतेही. पण बुडख्याशी तोडताना खडा लागला की अर्धचंद्रासारखं खांड पडतं, दोन-तीन मिलिमीटर खोल. सध्या अशी चार खांडं आहेत.

दुसरा ('ब'): खांड एकही नाही. पण दहा-पंधरा सऱ्या झाल्या की धार एका अंगाला वळते, नखाला लागते. कानस मारली की सरळ होते, पुन्हा तेच.

रान मुरमाड आहे आणि तोड जमिनीलगतच करायची आहे, कारण खोडवा (बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) ठेवायचा आहे. तेव्हा 'खडा लागू देऊ नका' हा सल्ला सोडून सांगा. प्रश्न असे:

१) दोन्ही पाट्याचेच असताना एवढा फरक का?
२) ऑनलाइन डी२ (पोलादाची एक जात) आणि स्टेनलेसचे जाड सुरे दिसतात, ते घेऊन फायदा आहे का?
३) धार लावायला ग्राइंडर चालेल का? अंश किती ठेवायचा?
४) रसामुळे पातं काळं पडतं, ते घासून काढायचं की राहू द्यायचं?

---

कुपवाड_भट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मथळ्यातच आहे. पोलाद बहुतेक ठीक आहे, पाणी बिघडलंय. दोन्हीकडे, उलट्या दिशेने.

आपल्याकडचे बहुतेक पाटे ५५एसआय७ किंवा त्याच्या जवळच्या जातीचे असतात (बाजारात ईएन४५ म्हणतात). कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन दीड ते दोन टक्के, मँगनीज एक टक्क्याच्या आत-बाहेर. काही गाड्यांना ईएन४७ म्हणजे क्रोम-व्हॅनेडियमचे पाटे असतात. कोयत्याला दोन्ही जाती उत्तम. कार्बन धार धरण्याइतका आहे आणि मार खाण्याची ताकद भरपूर आहे.

पण पाटा कारखान्यातून निघतो तेव्हा त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापात ४२ ते ४८ च्या आसपास असतो, कारण त्याला लवायचं असतं. कोयत्याच्या धारेला ५२ ते ५५ हवा. किचनमधला चांगला सुरा ५६ ते ६० असतो, कानस ६२ च्या वर. लोहाराने पाटा तापवून ठोकला की कारखान्याचं पाणी उतरलंच. त्यानंतर तो काय करतो त्यावर सगळं अवलंबून आहे:

लाल करून बुडवला आणि तसाच दिला, म्हणजे टेम्परिंग (पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवणं) केलंच नाही, तर धार ५८-६० ला जाते. काचेसारखी. हा तुमचा 'अ'.

ठोकून हवेत ठेवून दिला, किंवा पुरेसा न तापवता बुडवला, तर धार ३०-३५ च्या पुढे जात नाही. हा 'ब'.

हा अंदाज झाला. खात्री घरीच करता येते. नवी, न झिजलेली बारीक दात्यांची कानस घ्या. आधी धारेजवळची काळी पापडी आणि वरची कातडी अर्धा मिलिमीटर तरी घासून काढा, मग कानस लावा. हे आधीचं घासणं कुणी करत नाही आणि मग निकाल चुकतो. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळून जातो, त्यामुळे आतला लोखंडाचा जीव कडक असला तरी वरची कातडी मऊ लागते.

- कानस काचेवर घासावी तशी सरकून गेली, चकाकणारी रेघही उठली नाही: ५८ च्या वर.
- जोर दिल्यावर धरते, बारीक भुकटी निघते: ५० ते ५५. हेच हवं.
- लोण्यासारखी बसते, कीस निघतो: ४५ च्या खाली.

आकडाच हवा असेल तर कुपवाड, मिरज, तासवडे अशा कोणत्याही एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं काम करणाऱ्याकडे रॉकवेलचं मशीन असतं. पात्याची सपाट, घासलेली जागा दाखवा.

डी२ चं थोडक्यात: कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा टक्के. झीज सोसण्यात पाट्याच्या कितीतरी पुढे, म्हणून पत्रा कापायच्या डायला वापरतात. पण त्यात क्रोमियम कार्बाइडचे मोठे, कडक खडे असतात आणि दणका बसला की तडा त्यांच्या काठाने धावतो. खड्यावर बसणाऱ्या धारेला हे पोलाद म्हणजे तुमचा 'अ' कोयता, जास्त पैसे देऊन. शिवाय बारा टक्के क्रोमियम असूनही तो पुरता स्टेनलेस नाही, कारण बराचसा क्रोमियम कार्बाइडमध्येच अडकलेला असतो. स्वस्त स्टेनलेस सुरे बहुधा ४२० जातीचे. गंजणार नाहीत, पण धार लवकर बसेल. भाजीला ठीक, उसाला नाही.

---

ऐरण_कराड

वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. 'पाट्याचा' म्हणून विकले जाणारे सगळेच कोयते पाट्याचे नसतात. साध्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीला पाणी धरतच नाही, कितीही बुडवा. ओळखायचं असेल तर मुठीत जाणाऱ्या शेपटाला ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, टोकाला एखादंच फूल. पाट्याच्या ठिणग्या आखूड आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. बाजूला कानशीचा एखादा तुकडा आणि एमएसचा खिळा घासून तुलना केलीत तर चूक होत नाही.

दुसरं, जुन्या पाट्यात थकव्याचे तडे असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकाजवळ आणि यू-बोल्टने आवळलेल्या भागात. तेवढा भाग सोडूनच पट्टी काढायची. शंका असली तर जागा रॉकेलने भिजवा, पाच मिनिटांनी कापडाने कोरडी खणखणीत पुसा, वर खडूची पूड चोळा. दहा-पंधरा मिनिटांत तड्यातलं रॉकेल खडूवर रेघ काढतं.

---

वाळवा_बागायत

कानस लावून पाहिली, दोन्हीकडे कातडी घासून. 'अ' वर कानस सरळ सरकते. 'ब' वर कीस निघतो. ठिणग्या दोन्हीच्या फुटतात, म्हणजे एमएस नाही. आता घरी काही करता येईल का, की दोन्ही पुन्हा भट्टीत?

आणि एक. आमच्याकडे लोहार पाण्यातच बुडवतात. त्याऐवजी तेल हवंच का?

---

कुपवाड_भट्टी

'अ' घरी सुधारेल, भट्टी नको. 'ब' ला भट्टीशिवाय गत्यंतर नाही.

'अ' साठी. फक्त टेम्परिंग राहिलंय. ओव्हन बहुतेक २३०-२५० अंशांवर थांबतो आणि या पोलादाला ३०० ते ३३० लागतात. सिलिकॉनमुळे पाट्याचं पोलाद कडकपणा सहज सोडत नाही, म्हणून साध्या कार्बन पोलादाचे आकडे इथे चालत नाहीत. तेव्हा गॅस टॉर्च आणि डोळा.

मूठ काढा. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने पांढऱ्याशुभ्र करा, बोटाचं तेलही राहू देऊ नका. सावलीत बसा, उन्हात रंग फसवतात. ज्योत पाठीवर फिरवा, धारेवर कधीच नाही. रंग पाठीकडून धारेकडे सरकत येतील: फिक्का पिवळा, सोनेरी, तपकिरी, जांभळा, निळा. निळा धारेपर्यंत पोचला की ज्योत बाजूला आणि पातं पाण्यात, म्हणजे रंग पुढे पळणार नाही. टोक पातळ असतं, ते आधी तापतं. तिथे ज्योत नेऊच नका, मधल्या भागातून जी उष्णता जाईल ती पुरते.

टॉर्चने पातं त्या तापमानावर क्षणभरच थांबतं, म्हणून पुन्हा पॉलिश करून हेच अजून दोनदा करा. शेवटी कानस लावा: धरायला लागली पाहिजे. अजूनही सरकत असेल तर निळ्याच्या पुढे फिक्कट राखाडी दिसेपर्यंत न्या. सिलिकॉनच्या पोलादावर रंग थोडा उशिरा, जास्त तापमानाला उठतो, त्यामुळे इथे कानशीवर विश्वास ठेवा, रंगावर नाही.

खांडं मात्र त्यानंतर काढा. आत्ता कानस लागतच नाही, ग्राइंडर मारला तर कडक धारेला उष्णतेचे बारीक तडे जातील.

'ब' साठी ऐरण_कराड सांगतील, मी फक्त तापमान देतो. ८५० ते ८७०. चुंबक सोडतो ते ७७० ला. साध्या कार्बन पोलादात चुंबक सुटल्यावर थोडंसं पुढे गेलं की पुरतं, पण सिलिकॉनवाल्याला त्याहून बरंच वर जावं लागतं. 'ब' बहुधा इथेच फसला असेल. चुंबक सुटला, लोहाराने बुडवला, पण आतली घडण बदललीच नव्हती.

---

ऐरण_कराड

'ब' चं काम, लोहाराकडे उभं राहून करून घ्या.

आधी धार बोथट करा. पाणी देताना कडेला एक ते दीड मिलिमीटर जाडी हवी. पातळ धार आधी जळते, मग वाकडी होते. एकदा लाल करून हवेत थंड करा, पुन्हा तसंच. ठोकल्यावर आत राहिलेला ताण यात जातो. तिसऱ्यांदा तापवताना भात्याचा वारा थेट पात्यावर येऊ देऊ नका, कोळशाचा जाड थर मध्ये हवा. थेट वारा लागला की कातडीतला कार्बन जळतो. सावलीत पाहिलं तर रंग गडद लालाच्या पुढे, शेंदरीकडे झुकलेला, आणि धारेच्या पूर्ण लांबीवर एकसारखा. दोन-तीन मिनिटं त्याच रंगावर ठेवा.

आता तेल की पाणी. ईएन८ सारख्या कमी कार्बनच्या पोलादाला पाणी चालतं, म्हणूनच ती सवय पडली आहे. पाट्याचं पातं पाण्यात बुडवलं की दहातलं एखादं 'टिंग' आवाज करतो. तो आवाज ऐकलात तर पातं भंगारात, नंतर टेम्पर करून तडा भरत नाही. तेल पाच-सहा लिटर तरी घ्या, कमी तेल पहिल्याच पात्याला उकळतं. शेंगदाण्याचं चालतं. गाडीचं जळालेलं ऑइलही चालतं पण धूर वाईट, उघड्यावरच करा. तेल आधी ५०-६० अंशांना कोमट करा. गार तेल घट्ट असतं, पात्याला चिकटून बसतं आणि उष्णता हळू ओढतं. भांडं लोखंडी आणि खोल, शेजारी झाकण तयार, पेटलं की झाकायचं, पाणी ओतायचं नाही. जस्ताची बादली नको, तापलं तर त्याचा धूर छातीत जातो.

धार खाली करून फक्त २५-३० मिलिमीटर बुडवा, पुढे-मागे हलवा, आडवं हलवू नका (वाकतं). दहा सेकंदांनी पाठीवरची लाली गेली की सगळं आत. यामुळे धार कडक आणि पाठ चिवट राहते. खड्याचा दणका पाठ पिते.

आणि टेम्परिंग त्याच तासात. 'उद्या बघू' म्हणून ठेवलेली पाती रात्रीत आपोआप तडकतात.

---

कानस_आणि_दगड

धारेचं आणि ग्राइंडरचं मी घेतो.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे मारतो. धारेचं टोक केसाएवढं पातळ, उष्णता जायला जागा नाही. तुम्हाला निळा पट्टा दिसतो तोवर त्याच्या पुढची कड लाल होऊन गेलेली असते. मग दोन गोष्टी होतात: कड मऊ पडते, किंवा थंड पोलाद तिची उष्णता एका झटक्यात ओढून घेतं आणि ती पुन्हा काचेसारखी कडक होते. एकाच धारेवर दोन्ही सापडतात, चार बोटं वळलेली आणि पुढची चार बोटं खांडवलेली. ग्राइंडर खांडं काढून आकार द्यायला वापरा, फ्लॅप डिस्क ८० नंबरची, उघड्या बोटांनी पातं धरून (चष्मा घालून). बोटाला चटका लागायच्या आत पाण्यात. शेवटचा अर्धा मिलिमीटर मात्र हातानेच.

अंश मोजायला यंत्र नको. धारेच्या उताराची पट्टी जिथे सुरू होते तिथली पात्याची जाडी मोजा आणि एका बाजूच्या पट्टीची रुंदी मोजा:

रुंदी जाडीएवढीच असेल तर प्रत्येक बाजूला ३० अंश. सव्वापट असेल तर साधारण २४. दीडपट असेल तर साधारण १९.

म्हणजे २ मिलिमीटर जाडीवर अडीच मिलिमीटरची पट्टी म्हणजे २४ अंश. मुरमाड रानाला हाच ठेवा. काळ्या, खडे नसलेल्या रानात दीडपटीवर या, ऊस लोण्यासारखा तुटेल. हे दोन्ही बाजूंनी धार असलेल्या पात्याचं. विळ्यासारखी एकाच अंगाने धार असेल तर हिशेब वेगळा.

'ब' ची धार वळते त्यात पाण्याबरोबर अंशाचाही हात असू शकतो. आधी पट्टी मोजून बघा. १५ अंशांची धार ५४ कडकपणालाही खड्यावर वळेल.

हाताने: दहा इंची बारीक दात्यांची सपाट कानस. पुढे जाताना दाब, मागे येताना उचलून. मागे घासत ओढली की कानशीचे दात जातात, आणि चांगली कानस कोयत्याच्या बरोबरीची किंमत खाते. दातांत आधी खडू घासला की कीस अडकत नाही. एका बाजूने इतकं घासा की दुसऱ्या बाजूला नखाला अडकणारी बारीक कड पूर्ण लांबीवर उठेल. कुठे उठली नसेल तर तिथे अजून धार पोचलेली नाही. मग बाजू बदला. शेवटी कार्बोरंडमच्या दगडाची बारीक बाजू, दोन्हीकडे आलटून-पालटून, दाब कमी करत, ती कड निघेपर्यंत. कड तशीच ठेवली तर पहिल्या दहा उसांत ती दुमडते आणि माणूस पोलादाला शिव्या देतो.

तोडीत दर दीड-दोन तासांनी दगडाचे पाच-सहा हात पुरतात. उसाच्या सालीत आणि पाचटात सिलिका असते, धार झिजणारच. पूर्ण बोथट होईपर्यंत थांबलात की मग दहा मिनिटं जातात आणि पोलादही जास्त जातं.

---

खोडवा_८६०३२

काळं पडण्याबद्दल. रस आंबटसर असतो (पीएच पाच-साडेपाच) आणि साखर ओलावा धरून ठेवते. पात्यावर जो निळसर-काळा, हाताला न लागणारा थर येतो तो राहू द्या, तो थोडंफार राखतोच. लाल-तांबडा, बोटाला लागणारा गंज मात्र त्याच दिवशी काढायचा. तो धारेवर बसला की खड्डे पडतात आणि खांडं त्या खड्ड्यांतूनच सुरू होतात.

संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा, चीक असेल तर रॉकेलचा बोळा, कोरडं पुसून मशीन ऑइलचं बोट फिरवा. खायचं तेल महिनाभरात चिकट होतं आणि त्यावर माती बसते. हंगाम संपल्यावर ग्रीसचा पातळ थर आणि कोरडा कागद. ओलसर पोतं आणि चामड्याचं म्यान ही दोन्ही पावसाळ्यात गंजाची घरं. मुठीत शेपूट जिथे शिरतं तिथे रस मुरतो आणि आतून खातो, बाहेरून मूठ ठणठणीत दिसते. वर्षातून एकदा मूठ काढून बघा, तिथे तेल सोडा.

दुपारी जेवायला बसताना कोयता सरीत खोचून ठेवायची सवय सोडवा. दिवसभराच्या तोडीपेक्षा त्या एका खोचण्यात धार जास्त जाते.

बेणं (लागणीचा ऊस) तोडणाऱ्या कोयत्याचं वेगळं आहे. खोडवा खुजेपणाचा रोग (आरएसडी) कोयत्याच्या रसातून एका बेटातून दुसऱ्यात जातो, म्हणून पातं निर्जंतुक करावं लागतं. ब्लीचचं पाणी वापरलं तर काम होतं पण क्लोरीन पोलाद खातो, दहा मिनिटांच्या वर ओलं ठेवू नका, लगेच धुवून तेल. द्राक्षाच्या छाटणी कात्रीलाही हेच. तिथे ७० टक्के स्पिरिट बरं, गंज कमी आणि आपोआप उडून जातं. फक्त जवळ विडी नको.

---

वाळवा_बागायत

'अ' ला तीनदा निळा आणला. कानस आता जोर दिला की धरते, भुकटी निघते. 'ब' ची पट्टी मोजली: जाडी दोन, रुंदी चार मिलिमीटर. म्हणजे साडेचौदा अंश, बरोबर ना? तो लोहाराकडे नेतोच आहे.

'अ' ची खांडं आता काढायची. सगळ्यात खोल तीन मिलिमीटर आहे. पूर्ण धार तीन मिलिमीटर मागे घ्यायची की तेवढीच जागा?

---

कानस_आणि_दगड

हो, साडेचौदाच. पाणी नीट असतं तरी वळली असती.

खांडापुरतं घासलंत तर तिथे पोट पडतं आणि ऊस त्या खळग्यात अडकतो. पूर्ण धार मागे घ्या, पण तीन नाही, दोन मिलिमीटर. उरलेला एक मिलिमीटरचा खळगा पुढच्या महिन्याभराच्या धारेत आपोआप जाईल. मागे घेतल्यावर तिथली जाडी वाढलेली असेल, म्हणून पट्टी पुन्हा मोजा आणि वरचा उतार थोडा पातळ करून सव्वापटीवर आणा.

---

ऐरण_कराड

घासायच्या आधी प्रत्येक खांडाच्या तळाशी रॉकेल-खडू करून बघा. टेम्पर न केलेल्या पात्यात खांडाच्या पुढे बारीक तडा आत गेलेला असतो, डोळ्याला दिसत नाही. रेघ पाच मिलिमीटरच्या आत संपत असेल तर तेवढं मागे घ्या. त्याहून खोल, पाठीकडे जाणारी असेल तर ते पातं हातात घेऊन तोड करू नका, तुकडा उडून शेजारच्याच्या पायाला लागतो. तडा सोडून उरलेल्या भागाची दोन खुरपी निघतील.